डावीकडची खुर्ची

तो आवाज अनिकेतचा नव्हता. कार्तिकातली सकाळ होती, मी देवघरात वाती वळत बसले होते, आणि त्याच्या खोलीच्या बंद दारामागून कोणीतरी बोललं. बाईचा म्हणावा तर बाईचा नाही, पुरुषाचा म्हणावा तर तसाही नाही. त्याला चढउतार नव्हता, राग नव्हता, आणि बोलताना माणूस जिथे श्वास घेतो तिथे त्यानं श्वास घेतला नाही. पुल अप, पुल अप, असं दोनदा. मग पुन्हा तसंच. मग काही नाही. बाहेर आर्णी रोडवरून कापसानं भरलेला ट्रॅक्टर गेला, खिडकीची काच थरथरली, आणि तो गेल्यावर जी शांतता आली ती रोजची नव्हती. घरात एखादं भांडं फुटल्यावर सगळे क्षणभर जसे गप्प होतात तशी होती. माझ्या बोटांतली वात अर्धीच वळलेली राहिली. मी हाक मारली नाही. आंघोळीपासून नैवेद्यापर्यंत माझं मौन असतं. कार्तिकात मी ते दरवर्षी धरते, आणि घरात सगळ्यांना ठाऊक आहे की त्या वेळात मला काही विचारायचं नाही. अनिकेतला तर शाळेत असल्यापासून ठाऊक. म्हणूनच त्यानं ती वेळ निवडली असावी, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मी फक्त समईची ज्योत बघितली. ती सरळ होती. दुपारी जेवताना मी त्याला विचारलं, कोणाशी बोलत होतास रे. तो म्हणाला, कोणाशी नाही, आणि भात कालवत राहिला.

दिवाळी झाल्यावर तो अचानक आला होता. लहान विमानांच्या एका कंपनीत तो सहवैमानिक आहे. पंख्यांची, सत्तरेक माणसांची विमानं, जी मोठ्या शहरातून निघून मधल्या मधल्या गावांना उतरतात. सुट्टी आहे म्हणाला. किती दिवसांची ते म्हणाला नाही. आमच्या कॉलनीला त्याचा फार अभिमान. शेजारच्या सत्यभामाबाई कुंपणावरून मान वर करून त्याच्याशी बोलतात. आल्या दिवशीच त्यांनी विचारलं, "काहो पायलटसाहेब, कधी आमच्या गच्चीवरून जरासं खालून न्या ना इमान, पापड वाळून जातील दोन मिनिटात." एरवी तो त्यांना परत काहीतरी सुनावतो. त्या दिवशी नुसता हसला, आणि हसताना त्यानं वर पाहिलं, गच्चीच्या कठड्याकडे, जणू खरोखरच अंदाज घेत होता की केवढ्या उंचीवर आहे तो. मला ते आवडलं नाही. पण आईला सगळंच आवडलं पाहिजे असं कुठे आहे, असं म्हणून मी आत गेले.

तो आवाज ऐकला त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याचं दार थोडं उघडं होतं. मी फुलांची परडी घेऊन बोळातून जात होते. जेवणाच्या टेबलाच्या दोन खुर्च्या त्यानं आत नेऊन शेजारी शेजारी मांडल्या होत्या, कोऱ्या भिंतीकडे तोंड करून. भिंतीवरचं कॅलेंडर काढून ठेवलं होतं. उजवीकडच्या खुर्चीत तो बसला होता, पाठ ताठ, डोळे मिटलेले. डावीकडची रिकामी होती. त्याचे हात हवेत हलत होते. एक हात वर गेला, काहीतरी सोडलं, खाली आला, पुढे सरकला, थांबला. ओठ हलत होते. अनवाणी पाय फरशीवर होते आणि एकेक तळवा आळीपाळीनं दाबला जात होता. मी तशीच उभी राहिले, आणि माझ्या अंगावर काटा आला. भीतीचा नव्हे, ओळखीचा. पुसदला आमचे वडील शेवटच्या वर्षी अंथरुणाला खिळले होते. आयुष्यभर त्यांनी शाळेत जाण्याआधी पूजा केली, आणि बसता येईना तेव्हा ते पडल्या पडल्या मानसपूजा करत. डोळे मिटून हवेत देवाला आंघोळ घालायचे, पुसायचे, गंध लावायचे, फूल वाहायचे. दोन बोटांच्या चिमटीत फूल नसायचं पण चिमूट असायची. आई आम्हा पोरींना सांगायची, पलंगासमोरून जाऊ नका, देव मांडलेले आहेत. आम्ही वळसा घालून जायचो. रिकाम्या हवेला वळसा घालून जायची ती सवय माझ्या पायांना अजून आहे. तेव्हा अनिकेतला तसं बघितल्यावर मला दुसरं काही सुचलंच नाही. एवढ्या वर आकाशात रोज जाणारा मुलगा, त्याला कधीतरी हे लागणारच होतं, असं मला वाटलं.

मग मी त्याची पूजा सांभाळू लागले. मौन असल्यामुळे खुणांनीच यांना टीव्ही बारीक करायला लावला. दुधवाला ओरडू नये म्हणून फाटकात उभी राहिले. त्याच्या दाराबाहेर एक निरांजन ठेवू लागले. सत्यभामाबाई कोथिंबीर मागायला आल्या तर तोंडावर बोट ठेवून परत पाठवल्या. त्यांनी जाता जाता मोठ्यानं यांना विचारलं की पायलटची तब्येत बरी नाही काय. हे म्हणाले, तब्येतीले काय धाड भरली, झोपून राह्यला असंन. यांना मी काही सांगितलं नाही. देवाचं कोणाचं काय चाललंय हे सांगत फिरू नये. माझ्या मनात मात्र रोज सकाळी एक गोड कंप असायचा, आणि त्याच कंपाच्या तळाशी काहीतरी खुपत राहायचं. कारण त्याच्या पूजेचा शेवट दररोज सारखाच होई. पुटपुटणं वाढत जाई, पाय जोरात दाबला जाई, खुर्ची फरशीवर करकरे, आणि मग तो श्वास नसलेला आवाज. वर घे, वर घे. असं म्हणणारा कोणता देव असतो? आणि त्यानंतरची ती शांतता. आरती नाही, नमस्कार नाही. एकदा मी निरांजन उचलायला वाकले तेव्हा आत तो बसलेलाच होता, दोन्ही हात मांडीवर उताणे टाकून, आणि त्याचा चेहरा एखाद्या परक्या माणसाचा असावा तसा होता, ओळख पटवायला आणलेल्या.

त्या दिवसांत घर कलतंय असं मला वाटू लागलं. सांगण्यासारखं नव्हतंच ते. ताम्हणातलं पाणी मी निरखून बघायची. पाणी खोटं बोलत नाही, ते सपाट होतं. तरी उभी राहिले की डाव्या पायाखालची फरशी किंचित खाली असावी असं वाटे, आणि मी नकळत उजव्या पायावर भार देई. पोळ्या लाटताना लाटणं डावीकडे घरंगळे. जेवायला बसलं की टेबलाखाली अनिकेतचा उजवा पाय जमीन दाबत असे. वाटी पुढे सरकवली, पाय दाबला. यांनी खोकलं, पाय दाबला. घड्याळ त्यानं डाव्या हातातून उजव्या हातात घातलं होतं, आणि डाव्या मनगटाला तो सारखा चोळायचा. तिथे काही लागलेलं नव्हतं. मी दोनदा पाहिलं. नितळ होतं मनगट, लहानपणी काजळाची तीट लावत असे तिथे तितकंच नितळ.

मग खेमसिंग आला. हा फुलसावंगीचा राठोड, अनिकेतच्याच कंपनीत होता, त्याच्या आधी लागलेला. तांड्यावरचा पहिला पायलट म्हणून त्याची मिरवणूक निघाली होती. आता पुसदला भावाच्या कापडदुकानात बसतो. दारातूनच मला वाकून नमस्कार करत म्हणाला, "काकू, मी आता जमिनीवरचा कॅप्टन झालो. गिऱ्हाइकासमोर साड्या उडवून राह्यलो." मी हसले, चहा-चिवडा ठेवला आणि आत आले. ओसरीवरचं बोलणं स्वयंपाकघरात ऐकू येतं, ऐकायचं नसलं तरी. बराच वेळ इकडचं तिकडचं चाललं, कोण कुठे लागला, कोणती कंपनी रात्रीतून बंद झाली आणि पोरं गणवेश घालून विमानतळावरच उभी राहिली. मग खेमसिंगचा आवाज खाली आला. त्यानं विचारलं, सोमवारी जाणार का. अनिकेत म्हणाला, बोलावलंय. थोडा वेळ नुसता चिवड्याचा आवाज. "एक गोष्ट सांगू काय भाऊ," खेमसिंग म्हणाला, "जायचं तर मुकाट्यानं जाय. मले पुन्हा शिकवा म्हनून इचारू नको. मी इचारलं होतं. मले काढलं नाही त्यायनं. फक्त त्याच्यानंतर बोलावलंच नाही."

तो गेल्यावर मी अनिकेतच्या समोर बसले. नैवेद्य झालेला होता, बोलायला मोकळी होते. मी विचारलं, तू रोज सकाळी कोणाची पूजा करतोस. त्यानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मला लाज वाटली. मग तो दाराबाहेरच्या निरांजनाबद्दल बोलला. ते कशासाठी ते त्याला आत्ता कळलं म्हणाला. आणि सावकाश, जसं लहान मुलाला समजावतात तसं, त्यानं मला सगळं सांगितलं. सगळेच पायलट असं करतात, खुर्चीत बसून, डोळे मिटून, शिकवतातच तसं. समोर भिंत असते, मनात विमान. विमान धावपट्टीवर पळू लागतं आणि एक वेग असा येतो की त्याच्यानंतर थांबता येत नाही, वर जावंच लागतं. नेमकं तेव्हा एक इंजिन गेलं तर नाक त्या बाजूला फिरतं. पायानं विरुद्ध बाजूला रेटून ते सरळ धरायचं, कोणतं इंजिन गेलं ते नीट बघायचं, आणि तेच बंद करायचं. घाईत चांगलं इंजिन बंद झालं तर विमानाचा दगड होतो. हे हातापायांत भिनावं म्हणून एक यंत्र असतं, खऱ्या विमानासारखं हलणारं, आणि त्यात एक शिकवणारा माणूस मागे बसून वाटेल तेव्हा वाटेल ते बंद पाडतो. पुन्हा पुन्हा. अनिकेतची पाळी आली तेव्हा यंत्राची वेळ कंपनीनं जेवढी विकत घेतली होती तेवढीच होती आणि पोरं जास्त होती. मधे यंत्रही अडकलं. शिकवणारा मागून म्हणाला, हे झालं असं समज, हुशार आहेस, पुढे काम करता करता शिकशील. आणि झालं, असं ठरलं.

हे ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे वेगळंच उभं राहिलं. पूजेत देवाला वस्त्र द्यायचं असतं आणि वस्त्र नसतं, तेव्हा आपण वस्त्राच्या बदली अक्षता वाहतो. दागिन्याच्या बदली अक्षता. छत्राच्या बदली, चामराच्या बदली अक्षता. तोंडानं वस्तूचं नाव घ्यायचं आणि चार दाणे टाकायचे. देव ते घेतो. मी आयुष्यभर असंच वाहत आले आणि मला कधी उणं वाटलं नाही. पण त्या शिकवणाऱ्याच्या हातात अक्षता मला दिसल्या, आणि माझ्या मुलाच्या डोक्यावर त्या पडताना दिसल्या, आणि पुढे बसलेलं काही देव नव्हतं. ते लोखंड होतं, आणि मागे माणसं होती, पट्टे बांधून.

मनगटाचं मी विचारायच्या आधीच त्यानं सांगितलं. पावसाळ्याच्या शेवटी एका संध्याकाळी, विमान भरलेलं असताना, इंजिन बिघडल्याची खूण देणारा एक दिवा लागला. त्याचा हात गेला तो चांगल्या इंजिनाच्या दांड्याकडे. शेजारच्या खुर्चीतल्या कॅप्टननं मनगट धरलं आणि तसंच धरून ठेवलं. दिवा खोटा होता, आपोआप गेला. कोणाला काही कळलं नाही. मागे एक मूल रडत होतं ते रडायचं थांबलंसुद्धा. उतरल्यावर कॅप्टन एवढंच म्हणाले, चहा घे. वर कळवलं नाही. कळवलं असतं तर दोघंही घरी बसले असते, आणि जेवढे तास उडाल तेवढाच पगार, तोही मागे राहिलेला. कॅप्टनचं कंत्राटही संपत आलं होतं. "ते अजून धरूनच आहेत, आई," अनिकेत म्हणाला. मी म्हटलं, कोण. तो डावीकडे पाहून म्हणाला की सकाळी खुर्चीत ते येऊन बसतात, त्याला दिसतात, बाहीवरच्या पट्ट्यांसकट. पण तिथे ते हात पुढे करत नाहीत. नुसते बघतात. म्हणून त्याचं विमान रोज पडतं, आणि जमीन फार जवळ आली की खऱ्या विमानातलं यंत्र जे बोलतं, पुल अप, तेच शेवटी येतं.

यांचं म्हणणं वेगळं होतं, आणि ते चुकीचं होतं असं मला म्हणवत नाही. बांधकाम खात्यात यांची सगळी नोकरी झाली. साहेब बदलले, सरकारं बदलली, हे टिकले. संध्याकाळी झाडांना पाणी घालता घालता यांनी त्याला सुनावलं. शिकायचा खर्च आपण केला, करारावर सही आपण केली, आता नोकरीवर जायला घाबरायचं म्हणजे काय. कोणत्या कामात पहिल्या दिवशी सगळं येतं? "मी पूल बांधले ते काय कॉलेजात शिकून? बसला घरी तर दुसरा बसवतील तुझ्या जागी. रांग लागली हाय रांग." अनिकेत म्हणाला, पूल पडला असता तरी तुम्ही त्याच्यावर नसता, बाबा. हे म्हणाले, माझा एकही पूल पडला नाही. आणि पाण्याची नळी तशीच वाहत ठेवून आत निघून गेले. अंगणात चिखल झाला. नळ मी बंद केला. सत्यभामाबाई कुंपणापलीकडून बघत होत्या, आणि त्या दिवशी त्यांनी काही विचारलं नाही, यावरून मला कळलं की आमच्या घरात काय चाललंय ते आता बाहेर दिसतंय.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर तो माझ्याकडे आला. एक काम करशील का म्हणाला. एकट्यानं त्याचा सराव होत नव्हता, कारण इंजिन कधी बंद पडणार हे त्याचं त्यालाच माहीत असायचं. ज्याला माहीत आहे तो दचकत नाही, आणि जो दचकत नाही तो शिकत नाही. त्याला कोणीतरी हवं होतं, जे मनाला येईल तेव्हा सांगेल: डावं गेलं, किंवा उजवं गेलं. एवढंच. मी म्हटलं, बाबांना सांग. तो म्हणाला, बाबा सोपं करून देतील.

आमच्याकडे दिवा विझला म्हणत नाहीत, शांत झाला म्हणतात. बांगडी फुटत नाही, वाढते. डब्यातले तांदूळ संपत नाहीत. बाहेर पडताना जाते म्हणत नाहीत, येते म्हणतात. हे मला कोणी शिकवलं नाही, आईच्या दुधातून आलं. घराला कान असतात, वास्तुपुरुष भिंतीत बसून ऐकत असतो, आणि आपण काही बोललो की तथास्तु म्हणतो. चांगलं-वाईट तो निवडत नाही, तेवढी अक्कल त्याला दिलेली नाही. आणि माझ्या तोंडानं, कार्तिकात, या घरात, माझ्या मुलाच्या शेजारी बसून मी म्हणायचं की गेलं. मी त्याला म्हटलं, मी दुसऱ्या शब्दांत सांगितलं तर? तो पहिल्यांदाच मोठ्यानं हसला. "तू इंजिन शांत झालं म्हणशील, अन् मी हात जोडून बसून राहीन." मीही हसले. आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांत बघितलं, तिथे हसू पोचलेलं नव्हतं. त्याला शिकवणाऱ्यानंही असा वाईट शब्द उच्चारला नव्हता. कंपनीनं उच्चारला नव्हता, कॅप्टननं उच्चारला नव्हता. सगळ्यांनी माझ्या पोरासमोर तोंड चांगलं ठेवलं होतं.

मी खोलीत गेले. डावीकडच्या खुर्चीत बसले. ती गरम होती. त्या खुर्चीत सकाळपासून कोणी बसलेलं नव्हतं आणि त्या बाजूला ऊन येत नाही. मी पदर सावरला, पाय जुळवून घेतले. समोरच्या भिंतीवर कॅलेंडरचा चौकोन पांढरा राहिला होता. बाकीची भिंत धुरकट. अनिकेतनं डोळे मिटले, मला मिटायला सांगितले नव्हते, तरी मीही मिटले. तो बोलू लागला, हळू, स्वतःशी. वेग सांगत होता. आकडे मला कळत नव्हते पण चढ कळत होता, जसा भजनात कळतो. खुर्चीखालून काहीतरी धावू लागलं. पांढरा चौकोन मिटल्या डोळ्यांसमोर मोठा होत आला. आता थांबता येत नाही असा जो शब्द त्यानं मला आदल्या दिवशी सांगितला होता तो त्यानं उच्चारला, आणि मला वाटलं आत्ता, आणि माझी जीभ टाळूला चिकटली. आम्ही वर गेलो. काही झालं नाही. विमान निर्विघ्न गेलं. त्यानं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं, आणि रागावला नाही, फक्त म्हणाला, पुन्हा.

पुन्हा धावलो. "डावं गेलं," मी म्हटलं. माझा आवाज मला ओळखू आला नाही. भिंत गप्प होती. त्याचा पाय दाबला गेला, हात फिरला, त्यानं काहीतरी म्हटलं, थांबला, बघितलं, बंद केलं. आम्ही तरंगत राहिलो. त्याच्या कपाळावर घाम आला होता पण तो खुलला होता. पुन्हा. उजवं गेलं. पुन्हा. डावं. त्या दुपारी मी ते किती वेळा म्हटलं ते आठवत नाही. नंतर नंतर शब्द सोपा झाला, गुळगुळीत झाला, जपाचा मणी होतो तसा, आणि याचीच मला जास्त भीती वाटली. मी त्याच्या मानेकडे बघू लागले. तो बेसावध कधी असतो ते आईला कळतं. तापात बरळायच्या आधी, खोटं बोलायच्या आधी, त्याच्या कानामागची शीर हलते. मी त्या शिरेवर लक्ष ठेवलं. शीर शांत झाली की मी म्हणायचे, गेलं. आणि मग तो चुकू लागला. एकदा सुटलं, एकदा चुकलं. पाय उजवा हवा तेव्हा डावा गेला, आणि हात, तो हात, माझ्या डोळ्यांदेखत नको त्या बाजूला गेला, मुठीत काहीतरी धरलं आणि मागे ओढलं. मी त्याचं मनगट धरायला हात पुढे केला. केला आणि परत घेतला. तो तथास्तु म्हणणारा माझ्या जवळच कुठेतरी श्वास रोखून होता. आणि तेव्हा अनिकेतच्या तोंडातून तो आवाज निघाला, श्वास नसलेला, आणि यावेळी मी त्याच्या शेजारी होते. ओठ जेमतेम हलत होते. पुल अप, पुल अप. तो पडला. मी त्याच्याबरोबर पडले. जमीन आली तेव्हा काही आवाज झाला नाही.

स्वयंपाकघरात यांनी चहा ठेवल्याचा वास आला. शेवटी त्यानं डोळे न उघडता विचारलं.

"आई, सोमवारी तू बसशील का माझ्या विमानात?"

मी कधी विमानात बसलेले नाही. त्याला नोकरी लागली तेव्हापासून तो म्हणतो आहे, तुला नेतो, आणि मी म्हणते, नेशील तेव्हा येईन. मुलाला नाही म्हणायची मला सवय नाही, कोणालाच नाही. मी त्याच्या पायांकडे बघितलं. तळवे फरशीवर घामानं उमटले होते, दोन्ही, आणि कोणता आधी दाबला गेला ते त्यावरून कळत नव्हतं.

"नाही," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली. हात मांडीवरून उचलून डोळ्यांवर दाबले, आणि त्याचे खांदे कितीतरी दिवसांनी खाली आले. मग तो उठला, ओसरीवर गेला आणि तिथूनच कंपनीला फोन केला. हे चहाचे कप घेऊन दारात उभे होते. त्यांनी अडवलं नाही. तो फार हळू, फार आदबीनं बोलला. राहिलेला सराव पुरा करून द्या, तोवर मी उडणार नाही, असं म्हणाला. पलीकडचा माणूसही आदबीनंच बोलला असावा, कारण अनिकेत सारखा बरं सर, बरं सर म्हणत होता. पाहतो म्हणाले, कळवतो म्हणाले. हे कप ठेवून खोलीत गेले आणि खुर्च्या उचलून टेबलाशी आणून लावल्या. जरा आवाज करूनच लावल्या. चहा पिताना हे म्हणाले, खेमसिंगच्या भावाचं दुकान मोठं आहे काय रे. अनिकेत म्हणाला, मोठं आहे. यांनी बशीत ओतलेला चहा तसाच निवू दिला.

सोमवारी संध्याकाळी ते विमान वेळेवर गेलं. अनिकेतनं फोनवर दाखवलं. कोणालाही बघता येतं म्हणाला. नकाशावर एक पिवळं चिन्ह सरकत होतं, नदी ओलांडत होतं, गावांच्या नावांवरून जात होतं. मी विचारलं, तुझ्या जागी कोण बसलं असेल. तो म्हणाला, सकाळपासून कंपनीतलं त्याचं स्वतःचं खातं उघडत नाही, त्याला आता नावं दिसत नाहीत. पण बसलंय कोणीतरी. उजवीकडे कोणी नसलं तर विमान उडतच नाही, आई. असेल त्याच्यानंतर लागलेला, त्याच यंत्रात, त्याच माणसानं पुढे ढकललेला. हे तो अगदी सहज बोलला, आणि पोह्यांवर लिंबू पिळून खाऊ लागला. त्याला भूक लागली होती, हेही मी बघितलं.

दिवेलागणीला मी देवघरात बसले. दिवा लावण्याआधी हातावर पाणी घेऊन संकल्प सोडायचा असतो, आणि ज्याच्यासाठी करायचं त्याचं नाव घ्यायचं असतं. नाव नसलं तर देवानं कोणाला सांभाळायचं. त्याला नोकरी लागल्यापासून त्या जागी माझ्या ओठांवर आपोआप अनिकेत येई. आज तो माझ्या पाठीमागे टेबलाशी बसला होता, खुशाल. पिवळं चिन्ह अजून वाटेत होतं. मी पाणी घेतलं, मंत्र म्हणत गेले, आणि नावाशी येऊन थांबले. कुठल्या गावचा असेल, कोणाचा असेल. त्याच्या आईनं जेवण केलं असेल का. बोटांच्या फटींतून पाणी गळून हात रिकामा झाला. मी पुन्हा पाणी घेतलं आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणत गेले.